अमेरिकेंतील एक मानी नाटककर्त्री

सन १८७३ मध्यें जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां तें अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें होतें. निग्रो गुलामांस दास्यमुक्त करण्याच्या कामीं त्या लोकांनीं जें औदार्य व जो स्वार्थत्याग दाखविला, त्याबद्दल पुण्यांतील या पुरुषास मनापासून आदर वाटला. आम्ही वर्गांत इतिहास शिकवीत असूं, त्या पुस्तकांतही अमेरिकेंतील गुलामगिरीचें प्रकरण १८६५ सालीं कायदा झाला, एवढें सांगून संपत असे. परंतु पुस्तकांतलें प्रकरण संपलें, म्हणून माणसांचें आयुष्य थोडेंच संपतें! त्या सुटलेल्या माणसांच्या लेकीसुनांचें आणि नातीपणतींचें पुढें काय झालें? त्या कोणाच्या घरीं राबल्या, कोणत्या डब्यांत बसल्या, कोणाशीं लग्न करूं शकल्या आणि कोणाशीं नाहीं? या प्रश्नांचें उत्तर ज्या थोड्या लेखकांनीं रंगभूमीवर दिलें, त्यांत अॅलिस चिल्ड्रेस या बाईंचें नांव अगत्यानें घ्यावें लागेल. आजच्या भाषणांत त्यांच्या नाट्यसेवेची आणि विशेषतः त्यांनीं मोजलेल्या एका किंमतीची हकीकत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम त्या देशाच्या रंगभूमीची पूर्वपीठिका ध्यानांत घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांतच अमेरिकेंत एक विचित्र करमणूक लोकप्रिय झाली होती. गोरे नट तोंडाला काजळी फांसून काळ्या माणसांची नक्कल करीत, वेडेवांकडे नाचत आणि प्रेक्षक पोट धरधरून हंसत. पुढें काळे नट स्वतः रंगभूमीवर आले. पण भूमिका मात्र ठरावीकच राहिल्या. स्त्रियांच्या वांट्याला तर स्वयंपाकीण, दाई नाहीं तर मोलकरीण, याहून निराळें असें फारसें कांहींच येत नसे. डोक्याला फडकें बांधलेली, गोऱ्या मालकिणीच्या सुखदुःखांत बुडालेली आणि स्वतःचें घर नसलेली अशी ती बाई असे. 'गॉन विथ द विंड' या बोलपटांतील दाईच्या कामाबद्दल हॅटी मॅक्डॅनियल यांस १९४० सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. तथापि त्याच समारंभांत त्यांस बसावयास जागा दिली होती ती इतर नटमंडळींपासून दूर, एका बाजूच्या टेबलाशीं. मान द्यावा, पण पंक्तीला घेऊं नये, असा हा प्रकार होता.

अॅलिस चिल्ड्रेस यांचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत, दक्षिण कॅरोलायना राज्यांतील चार्ल्सटन या शहरीं झाला. त्यांची पणजी गुलामगिरींत जन्मलेली होती. आईबापांची ताटातूट झाल्यामुळें लहानपणींच त्या न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागांत आपल्या आजीपाशीं आल्या. आजीचें शिक्षण नांवाला. परंतु तिची शिकविण्याची पद्धत आम्हां शिक्षकांनीं हेवा करावा अशी होती. ती नातीला घेऊन खिडकीशीं बसे आणि रस्त्यानें जाणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून विचारी, "हा कोठें चालला असेल? याच्या मनांत काय चाललें असेल?" बुधवारीं रात्रीं ती तिला देवळांत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्यें नेई. तेथें गोरगरीब माणसें उभीं राहून आपापल्या घरचीं संकटें चारचौघांस सांगत. आजारी मूल, तुरुंगांत पडलेला मुलगा, थकलेलें भाडें, सारें कांहीं तेथें निघे. पुढें नाटकें लिहिणाऱ्या या मुलीचा पहिला पाठ तो. आजी गेल्यावर शाळा अर्धीच राहिली. मोलकरणीचें काम, दुकानांतली विक्री, विम्याचीं कामें असा नाना प्रकारचा चरितार्थ त्यांनीं केला. लोकांच्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईचें मन त्यांनीं पुस्तकांतून जाणलें नव्हतें. तें काम त्यांनीं स्वतः केलेलें होतें.

१९४० सालीं हार्लेममध्यें 'अमेरिकन निग्रो थिएटर' ही नाटकसंस्था निघाली. एका सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरांत तिचे प्रयोग होत. चिल्ड्रेसबाई सुरुवातीसच तिला मिळाल्या आणि सुमारें दहाअकरा वर्षें तेथें राहिल्या. नटी म्हणून तर त्या होत्याच, पण पोशाख शिवणें, रंगपट सांभाळणें, तालमी घेणें हींही कामें त्यांनीं केलीं. या संस्थेचें 'अॅना लुकास्टा' हें नाटक १९४४ सालीं ब्रॉडवेवर गेलें आणि त्यांत त्यांनींही भूमिका केली. ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कमधील बड्या नाटकगृहांची पेठ. तेथें नांव झालें कीं देशभर नांव झालें, असा समज असे. परंतु नटी म्हणून मिळणाऱ्या भूमिका पाहून त्यांच्या मनाचें समाधान होईना, आणि त्या लेखनाकडे वळल्या.

त्याची गोष्ट अशी सांगतात कीं, संस्थेंतील कांहीं नटमंडळींत एकदां वाद झाला. काळ्या आणि गोऱ्या माणसांविषयीं नाटक लिहावयाचें तर त्यांत एखादा खून, जमावानें कोणाला फांसावर लटकविणें, असा जीवनमरणाचा प्रसंगच हवा. त्यावांचून तें रंगणार नाहीं, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. चिल्ड्रेसबाईंना तें पटलें नाहीं. त्यांनीं एका रात्रींत एक एकांकिका लिहून काढली. तिचें नांव 'फ्लॉरेन्स', साल १९४९. दक्षिणेंतील एका लहान गांवचें रेल्वे-स्टेशन, त्यांतली प्रतीक्षालयाची खोली आणि मधोमध एक बुटका कठडा. अलीकडे काळे उतारू, पलीकडे गोरे. एक वृद्ध काळी आई न्यूयॉर्कला निघाली आहे. तेथें नटी होण्यासाठीं धडपडणाऱ्या, उपाशीतापाशी राहणाऱ्या मुलीला घरीं परत आणावें, हा तिचा बेत. कठड्यापलीकडे एक सुशिक्षित गोरी बाई येते. बोलण्यांत मोठी उदार. आपला भाऊ काळ्यांवर कशीं हृदयद्रावक पुस्तकें लिहितो, हेंही ती सांगते. आईला आशा वाटते आणि मुलीसाठीं कांहीं करतां येईल का, म्हणून ती विचारते. बाई मोठ्या आनंदानें सांगते कीं, आपल्या ओळखीच्या एका दिग्दर्शिकेकडे घरकामाला बाई हवी आहे, तेथें मुलीला लावून देतां येईल! नटी होऊं पाहणाऱ्या मुलीला मोलकरणीची जागा! म्हातारी ओरडत नाहीं, रडत नाहीं. ती गाडीभाड्याचे पैसे पाकिटांत घालून मुलीला पाठवून देते आणि प्रयत्न सोडूं नको, असें त्यासोबत लिहिते. एवढेंच नाटक. खून नाहीं, फांस नाहीं. परंतु त्या बुटक्या कठड्याएवढी उंच भिंत दुसरी कोणती असेल, असें पाहणाऱ्यास वाटल्यावांचून राहत नाहीं.

याच सुमारास सुप्रसिद्ध गायक व नट पॉल रोबसन यांच्या 'फ्रीडम' या वृत्तपत्रांत चिल्ड्रेसबाईंनीं मिल्ड्रेड नांवाच्या मोलकरणीचीं बोलकीं स्फुटें लिहावयास प्रारंभ केला. मिल्ड्रेड आपल्या मैत्रिणीला दिवसभराची हकीकत सांगते, अशी त्यांची मांडणी. मालकीण पाहुण्यांना मोठ्या कौतुकानें म्हणते कीं, ही आमच्या घरच्यासारखीच आहे. त्यावर मिल्ड्रेड तिला शांतपणें दाखवून देते कीं, घरचीं माणसें बैठकींत बसून जेवतात आणि मी स्वयंपाकघरांत. घरचें माणूस दमलें तर निजतें आणि मी दमलें तर कपडे धुतें. हीं स्फुटें १९५६ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. आपल्याकडील मध्यमवर्गीय गृहिणींनींही हें पुस्तक जरा धीर करून वाचावें. त्यांतील कांहीं आरसे अमेरिकेपुरतेच नाहींत.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. १९५५ सालच्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कमध्यें, ब्रॉडवेच्या पेठेबाहेर ग्रिनिच म्यूज नांवाच्या एका लहान नाटकगृहांत, त्यांचें 'ट्रबल इन माइंड' हें नाटक लागलें. हें नाटक म्हणजे एका नाटकाची तालीम आहे. विलेटा मेयर ही वयस्क, अनुभवी काळी नटी. जन्मभर मोलकरणींचीं कामें करून ती एक विद्या शिकलेली आहे: दिग्दर्शकानें विनोद केला कीं हंसावें, मत विचारलें कीं होय म्हणावें, आणि पोट भरावें. नव्या पोरांनाही ती हेंच शिकविते. तालमींतील नाटक एका गोऱ्या लेखकाचें, हेतूनें चांगलें, काळ्यांवरील अत्याचाराचा निषेध करणारें. त्यांत एका काळ्या तरुणानें मतदान केल्याचा गुन्हा केला आहे, जमाव त्याच्या मागावर आहे, आणि त्याची आई त्याला म्हणते कीं, बाळा, जा, स्वाधीन हो. तो जातो आणि मारला जातो. आईची भूमिका विलेटाची.

तालीम चालतां चालतां विलेटाच्या घशांत तें वाक्य अडकूं लागतें. दिग्दर्शकच तिला सांगत असतो कीं, मनांतून सत्य शोधून काढ. आणि शोधावयास गेल्यावर तिला सांपडतें तें असें कीं, जमाव दारांत असतां कोणतीही आई आपल्या पोराला बाहेर धाडणार नाहीं. याच तालमींत शेल्डन नांवाचा एक म्हातारा नट आहे, सदा होस हो मिळविणारा. बोलतां बोलतां उघडकीस येतें कीं, जमावानें केलेली हत्या त्यानें लहानपणीं प्रत्यक्ष पाहिलेली आहे. एवढ्या मंडळींत ती पाहिलेला तोच एक! ज्याला ठाऊक आहे त्याला कोणी विचारीत नाहीं, आणि ज्याला ठाऊक नाहीं त्यानें नाटक लिहिलें आहे. शेवटीं विलेटा दिग्दर्शकाला सरळ प्रश्न करते कीं, तुम्हीं आपल्या मुलाला असें मरणाच्या तोंडीं दिलें असतें काय? तो संतापून उत्तरतो कीं, माझ्या मुलाची आणि तुमची तुलनाच होऊं शकत नाहीं. उदारपणाचा मुलामा त्या एका वाक्यानें उडून जातो. तालीम मोडते. आपल्याला काढून टाकणार हें विलेटा ओळखते, तरी उद्यां मी हजर राहणार, मला तोंडावर काढा, असा तिचा निश्चय. रिकाम्या रंगभूमीवर ती एकटी उभी राहते. ऐकावयास एक म्हातारा आयरिश द्वारपाल. त्याच्यापुढें ती बायबलांतील एक स्तोत्र म्हणते, आणि टाळ्या येतात त्या ध्वनियंत्रांतून. असा हा शेवट.

परंतु श्रोतेहो, ग्रिनिच म्यूज येथील प्रेक्षकांनीं हा शेवट पाहिलाच नाहीं. चालकांना तो फार उदास वाटला. सगळीं नटमंडळी एकजुटीनें विलेटाच्या पाठीशीं उभीं राहतात आणि दिग्दर्शकाचेंही मन पालटतें, असा गोड शेवट त्यांनीं मागितला. चिल्ड्रेसबाईंनीं तो लिहून दिला. नाटकाचे ९१ प्रयोग झाले, वाहवाही झाली. परंतु केलेल्या तडजोडीची टोंचणी त्यांच्या मनांतून गेली नाहीं. त्यानंतर ब्रॉडवेच्या निर्मात्यांनीं नाटक उचललें. १९५७ सालीं प्रयोग व्हावयाचा होता. मात्र अटी होत्या: आणखी फेरफार, आणखी सौम्यपणा, नांवसुद्धां निराळें. बाई पुनःपुन्हां लिहीत राहिल्या, आणि अखेरीस अशी वेळ आली कीं, आतां नाटकांत त्यांचें स्वतःचें कांहीं उरतें कीं नाहीं, हाच प्रश्न पडला. त्यांनीं नकार दिला. प्रयोग रद्द झाला. पुढें नाटक छापावयाची वेळ आली तेव्हां त्यांनीं मूळचा कठोर शेवटच छापला.

यांतील विसंगति पाहण्यासारखी आहे. दुसऱ्यानें लिहिलेलें खोटें वाक्य म्हणण्यास नकार देणाऱ्या नटीचें तें नाटक. आणि तें लिहिणाऱ्या बाईंनाच खोटा शेवट लिहिण्याची गळ घातली जात होती. विलेटावर जो प्रसंग त्यांनीं कल्पिला, तोच हुबेहूब त्यांच्यावर आला. त्या वांकल्या असत्या तर विलेटाच्या तोंडचें एकही वाक्य खरें राहिलें नसतें.

किंमत मात्र रोखीनें मोजावी लागली. ११ मार्च १९५९ रोजीं लोरेन हॅन्सबेरी या तरुण लेखिकेचें 'अ रेझिन इन द सन' ब्रॉडवेवर लागलें आणि कृष्णवर्णीय स्त्रीनें लिहिलेलें तेथील पहिलें नाटक म्हणून इतिहासांत नोंदलें गेलें. हॅन्सबेरी याही 'फ्रीडम' पत्रांतच काम केलेल्या. त्यांचें नाटक खरोखर थोर आहे आणि तो मान त्यांना शोभतो. परंतु दोन वर्षें आधीं तो मान चिल्ड्रेसबाईंच्या दारांत येऊन उभा होता, हेंही तितकेंच खरें. व्यवहारी माणूस म्हणेल, एक शेवट बदलला असता तर काय बिघडत होतें? आधीं आंत शिरावें, मग खरें सांगावें. हा युक्तिवाद अगदींच टाकाऊ नाहीं. पुष्कळ भल्या माणसांनीं त्यावर आयुष्यें काढलीं आहेत. पण चिल्ड्रेसबाईंनीं तो मार्ग एकदां चालून पाहिला होता. गोड शेवट पाहून प्रेक्षक समाधानानें घरीं जातात आणि ज्या अन्यायासाठीं नाटक लिहिलें तो मिटला, असें समजून निजतात, हें त्यांनीं अनुभविलें होतें.

पुढील नाटकांतही त्यांनीं हा बाणा सोडला नाहीं. 'वेडिंग बँड', म्हणजे लग्नाची अंगठी, हें त्यांचें नाटक आजीकडून ऐकलेल्या एका खऱ्या हकीकतीवर रचलेलें आहे. काळ १९१८चा, स्थळ दक्षिण कॅरोलायना. ज्युलिया ही शिवणकाम करणारी काळी स्त्री आणि हर्मन हा पावभट्टी चालविणारा गोरा गृहस्थ, यांचा दहा वर्षांचा एकनिष्ठ संबंध आहे. परंतु त्या राज्याचा कायदा त्यांच्या लग्नाला मना करतो. अंगठी ज्युलिया बोटांत घालूं शकत नाहीं, गळ्यांतील सांखळींत ओंवते. त्याच अंगणांत मॅटी नांवाची दुसरी एक काळी बाई राहते. तिनें पहिल्या वाईट नवऱ्याला टाकून एका भल्या माणसाशीं संसार मांडला आहे. पण त्या राज्यांत घटस्फोटच मिळत नसल्यामुळें कायद्याच्या लेखीं तीही त्या भल्या माणसाची बायको नाहीं. मग इन्फ्लुएन्झाची साथ येते, जी त्याच सालीं आमच्या मुंबई इलाख्यांतही घरेंच्या घरें ओसाड करून गेली. हर्मन आजारी पडतो, आणि तो ज्युलियाच्या खोलींत सांपडला तर अब्रू जाईल, म्हणून त्याची आई व बहीण डॉक्टर बोलावण्याऐवजीं अंधार पडण्याची वाट पाहतात. शेवटीं ज्युलिया दार लावून घेते आणि तो तिच्याच हातांत प्राण सोडतो.

हें नाटक १९६६ सालीं मिशिगन विद्यापीठांत प्रथम झालें; न्यूयॉर्कमध्यें यावयास १९७२ साल उजाडलें. १९७४ सालीं तें दूरदर्शनवर दाखविण्यांत आलें, तेव्हां कांहीं केंद्रांनीं तें दाखविण्याचें नाकारलें. वस्तुतः १९६७ सालींच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असे विवाहबंदीचे कायदे रद्द ठरविले होते. तरी दक्षिण कॅरोलायनानें आपल्या राज्यघटनेंतील तें कलम पुसलें तें १९९८ सालीं. ज्या गोष्टी कायद्यानें संपल्या असें आपण म्हणतों, त्या माणसांच्या मनांतून निघावयास किती काळ लागतो, याचें हें माप आहे.

'वाइन इन द वाइल्डरनेस' हें नाटक १९६९ सालीं बॉस्टनच्या दूरदर्शन केंद्रानें दाखविलें. त्यांत चिल्ड्रेसबाईंनीं आपल्याच समाजांतील सुशिक्षितांचा कान धरला आहे. हार्लेममधील एक काळा चित्रकार कृष्णवर्णीय स्त्रीवर तीन चित्रें काढीत आहे: एक निष्पाप बालिका, एक आफ्रिकेची देखणी राणी, आणि तिसरी बिघडलेली, अडाणी बाई. या तिसऱ्या चित्रासाठीं दंग्यांत घर जळालेली टॉमी नांवाची एक कामगार तरुणी त्याच्यापुढें आणून बसविली जाते. आपल्याला कशासाठीं आणलें हें कळल्यावर ती त्या विद्वानांना जें सुनावते, तें ऐकून चित्रकाराला उमजतें कीं, जिला आपण कल्पनेंत शोधीत होतों ती स्त्री हीच. जातीच्या अभिमानाच्या गोष्टी बोलाव्या आणि जातीच्या गरीब बाईला मात्र हलकें लेखावें, हा दोष चिल्ड्रेसबाईंनीं आपल्याच माणसांना तोंडावर दाखविला.

त्यांच्या नाटकांतील नायिका पाहा: गाडीची वाट पाहणारी आई, उतारवयाची नटी, शिवणकाम करणारी, गिरणीकामगार. यशस्वी, पहिल्या क्रमांकाच्या माणसांच्या कथा लिहिण्याचा आग्रह लोक करीत. परंतु आपणांस मागें राहिलेल्यांविषयींच लिहावयाचें आहे, असें त्यांनीं निक्षून सांगितलें होतें. १९९४ सालच्या ऑगस्टमध्यें न्यूयॉर्क येथें त्यांचा अंत झाला. तोंवर त्यांचें एकही नाटक ब्रॉडवेवर लागलें नव्हतें.

आणि मग २०२१ सालीं, नोव्हेंबर महिन्यांत, 'ट्रबल इन माइंड' ब्रॉडवेवर आलें. लाशाँझ या नटीनें विलेटाची भूमिका केली. ठरलेल्या सालापासून चौसष्ट वर्षें लोटलीं होतीं. लेखिका जाऊन सत्तावीस वर्षें झालीं होतीं. १९५७ सालीं जो शेवट प्रेक्षकांना पचणार नाहीं असें निर्मात्यांना वाटलें, त्याच्यासह तें पाहावयास लोक आले. दरम्यान त्या रंगभूमीवर बरेंच पाणी वाहून गेलें होतें. न्टोझाके शांगे, सूझन-लोरी पार्क्स, लिन नॉटेज अशा लेखिकांनीं कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कथा तेथें मानानें उभ्या केल्या होत्या. पार्क्स यांना २००२ सालीं आणि नॉटेज यांना तर दोनदां पुलित्झर पारितोषिक मिळालें होतें. त्यांची वाट ज्यांनीं खणून ठेविली, त्यांत चिल्ड्रेसबाईंचे हात पहिल्या कांहींत होते.

शाळेंत आम्ही मुलांना विजयांचीं सालें पाठ करावयास देतों. १९५७ हें साल त्यांत कधींच येणार नाहीं. कारण त्या सालीं कांहीं घडलें नाहीं. एक नाटक व्हावयाचें होतें, तें झालें नाहीं. परंतु एका बाईनें कीर्तीच्या दारांतून, आपल्या नायिकेच्या तोंडचें खरें वाक्य घेऊन परत फिरणें, ही माझ्या मतें नोंद करण्याजोगी घटना आहे. ती आपणांपुढें मांडून मी आपली रजा घेतों.